कपाटावरचा डोंगर

लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाशी काय बोलावं, ते तुम्हाला येतं? नाही ना? मग या गृहस्थांची गोष्ट जरा आदरानं ऐका. हसायचं तिथं हसा, पण आदरानं.

बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे धीरवाले म्हणत. शहरात कुठंही कुणी लिफ्टमध्ये अडकलं आणि घाबरून ते लाल बटण दाबलं, की फोन वाजायचा तो धीरवाल्यांच्या बेडरूममध्ये, खिडकी आणि कपाट यांच्यामध्ये कोंबलेल्या टेबलावर. कानाला हेडफोन लावून ते म्हणायचे, "नमस्कार. घाबरू नका. मी आहे." आणि मेकॅनिक पोचेपर्यंत बोलत राहायचे. काम एवढंच. एवढंच म्हणजे काय, करून बघा म्हणजे कळेल. आजवर त्यांच्या हातून एकही माणूस लिफ्टमध्ये बेशुद्ध पडला नव्हता. भांडत आत शिरलेलं एक नवरा-बायकोचं जोडपं तर त्यांनी समेट करूनच बाहेर काढलं होतं. स्वतः ते तिसऱ्या मजल्यावर राहत आणि त्यांच्या बिल्डिंगला लिफ्ट नव्हती. यावर करायचे ते सगळे विनोद शेजाऱ्यांनी करून झालेत, आपण पुन्हा नको.

तर एक दिवस त्यांच्या लिफ्ट कंपनीच्या मोठ्या बाईंचा फोन आला.

"अलीकडे तुमचा आवाज बसलाय," बाई म्हणाल्या.

"सर्दी आहे थोडी."

"घसा नाही हो. आतून बसलाय. परवा एक माणूस लिफ्टमधून सुटला आणि सुटल्यावर आम्हालाच विचारतो, त्या फोनवरच्या साहेबांच्या घरी सगळं ठीक आहे ना? आता काय उत्तर द्यायचं मी?"

सगळ्यांना धीर वाटून वाटून आपलाच साठा संपला असेल, असं धीरवाल्यांच्या मनात येऊन गेलं, पण वरिष्ठांना असलं सांगता येत नाही.

"हे बघा," बाई म्हणाल्या, "कंपनीनं एक आवाज रेकॉर्ड करून घेतलाय. बटण दाबलं की तो वाजणार. माणूसच नको. मी तुमच्यासाठी महिनाभर थांबवून ठेवलाय. काम करताना तुमच्या समोर काय असतं?"

"भिंत."

"तेच तर! एखादं चित्र लावा. मनाला उभारी येईल असं काहीतरी. त्यानं फरक पडतो म्हणे."

तो रेकॉर्ड त्यांनी धीरवाल्यांना ऐकवलासुद्धा. आवाज एवढा गोड, की ऐकून दाढ ठणकावी. 'आपण पूर्णपणे सुरक्षित आहात,' असं तो म्हणायचा आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, बापरे, म्हणजे काहीतरी भयंकर झालंय. या गुळाच्या ढेपेपुढं आपण हरणार? धीरवाल्यांच्या जिव्हारी लागलं ते हे.

आता चित्र लावायचं म्हणजे खिळा आला, खिळा म्हणजे हातोडी आली, आणि हातोडी होती तळमजल्यावरच्या निवृत्त मास्तरांकडे. बायको ती मागायला गेली आणि तासाभरात अख्ख्या बिल्डिंगला विषय मिळाला. मास्तर म्हणाले, चित्रातून संदेश मिळाला पाहिजे. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, चित्रात माणूस तेवढा नको, माणूस आला की कटकट आली. सेक्रेटरी म्हणाले, काय हवं ते लावा, पण भिंत सोसायटीची आहे, खिळ्याआधी अर्ज द्या. उंटावरून शेळ्या हाकायला सगळे तयार, पैसे घालून चित्र आणायला कुणी नाही. नाही म्हणायला बायकोचा भाऊ मात्र धावून आला. हा मेहुणा म्हणजे फार उत्साही प्राणी, आणि उत्साही मेहुण्यासारखी महागडी वस्तू जगात दुसरी नाही.

त्यानं आणला धबधबा. साधासुधा नाही, विजेवर चालणारा. मागून दिवा, पाणी हलल्यासारखं दिसायचं आणि खळखळ आवाजही यायचा. मेहुण्यानं तो लावला, दोन पावलं मागं सरून बघितला, स्वतःवरच खूश झाला आणि रिमोट खिशात घालून घरी गेला.

लगेच फोन वाजला. कुठल्याशा ऑफिसच्या लिफ्टमध्ये एक गृहस्थ अडकले होते.

"नमस्कार. घाबरू नका. मी आहे."

"हो, पण... हा आवाज कसला? पाणी येतंय का?"

"नाही नाही. पाणी माझ्याकडे आहे."

"तुमच्याकडेपण भरलं?"

धीरवाल्यांनी घाईघाईनं धबधब्यावर उशी दाबली. त्यानं खळखळ थांबली आणि बुडबुड सुरू झाली. कुणीतरी बुडताना यावा तसा हुबेहूब आवाज. पलीकडून किंकाळी आली. मेकॅनिकच्या आधी अग्निशमन दलाची गाडी पोचली, आणि दार फोडून बाहेर काढलेला तो माणूस कोरडा ठणठणीत असूनही बूट काढून त्यातलं पाणी ओतायचा प्रयत्न करत होता म्हणे.

धबधबा उतरला. मग मास्तर स्वतः एक पाटी घेऊन वर आले. डोंगराआडून उगवणारा सूर्य आणि त्याखाली टपोऱ्या अक्षरांत: 'थांबला तो संपला'. "माझ्या वर्गात लावलेली होती," मास्तर म्हणाले, "पिढ्या घडल्या हिच्याखाली." नाही म्हणायची सोयच ठेवली नाही त्यांनी. खिळाही स्वतःच ठोकला.

पाटी चांगली होती हो. पण धीरवाल्यांना एक सवय होती. बोलता बोलता पुढचा शब्द सुचला नाही, की डोळ्यांसमोर जे लिहिलेलं असेल ते तोंडातून निघायचं. एक बाई पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये लटकल्या होत्या. रडकुंडीला येऊन त्यांनी विचारलं, "अहो, लिफ्ट थांबलीय. आता काय हो होणार माझं?" धीरवाल्यांनी क्षणभर शब्द शोधला, नजर वर गेली आणि ते धीरगंभीर आवाजात म्हणाले, "थांबला तो संपला."

संध्याकाळी मोठ्या बाईंचा फोन.

"तुम्ही खरंच असं म्हणालात?"

"वाचलं हो चुकून."

"महिना संपत आलाय," एवढंच म्हणून बाईंनी फोन ठेवला.

त्या दिवशी धीरवाले घराबाहेर पडले आणि वाट फुटेल तिकडे चालत सुटले. दुसरं कुठलं काम आपल्याला येतं, याचा ते विचार करत होते. चालता चालता ते एका जुन्या नाट्यगृहापाशी आले. ते पाडून तिथं गाड्यांचं पार्किंग होणार होतं, म्हणून आतलं सामान विकायला काढलं होतं. मोडक्या खुर्च्या, पुठ्ठ्याचे मुकुट, एका पायानं लंगडं सिंहासन. धीरवाले नुसतेच आत शिरले. रंगमंचावर दोन हमाल एक पडदा सोडून बघत होते, फाटलाबिटला आहे का म्हणून. दोरी सैल झाली, आणि पडदा खाली आला.

डोंगर होता.

नुसतं डोंगर म्हणून काय सांगणार तुम्हाला! पायथ्याशी ओले काळे खडक, इतके ओले की हात पुसावासा वाटावा. खडकांतून कोरलेल्या पायऱ्या वर निघालेल्या, झाडीत शिरायच्या, पुन्हा बाहेर यायच्या, दरीच्या कडेकडेनं वळसे घेत वर, अजून वर. मध्येच एका कातळावर ऊन पडलेलं. ते कुठून आलं हे कळायला मार्ग नाही, पण अंगाला लागत होतं. देवाशपथ, लागत होतं! धीरवाले एका तुटक्या खुर्चीवर बसले. ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांना गप्प बसू दिलं नाही, त्यांचंच तोंड उघडं राहिलं आणि त्यातून शब्द म्हणून निघेना. आपण केवढे, आपली बेडरूम केवढी, आपली नोकरी केवढी, आणि हे केवढं! भीती वाटावी इतकं छान वाटत होतं त्यांना.

"कुणी काढलाय हा?" त्यांनी शेवटी विचारलं.

"काय माहीत," बाजूला उभे असलेले नाट्यगृहाचे व्यवस्थापक म्हणाले. "माझ्या आधीपासून आहे. नेताय का? नेत असाल तर भंगाराच्या भावात देतो."

आता चित्र घेताना भिंतीचं माप घ्यायचं असतं, हे काय धीरवाल्यांना माहीत नव्हतं? होतं. पण त्या घडीला माप कुणाला आठवतंय!

टेम्पोतून गुंडाळी उतरली तेव्हा सेक्रेटरी फाटकातच उभे. माणसाहून लांब वस्तू जिन्यानं न्यायची तर सोसायटीत नोंद हवी. नोंदीसाठी त्यांच्याकडे तीनच रकाने होते: फर्निचर, पाळीव प्राणी आणि पाहुणे. फर्निचर म्हणावं तर त्यावर बसता येत नव्हतं. पाळीव प्राणी नाही, हे लेखी द्यायला धीरवाले तयार होते. बराच खल झाल्यावर पाहुण्यांत नोंद झाली. नाव: डोंगर. कोणाकडे: धीरवाले. मुक्काम: अनिश्चित.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर गुंडाळी अडकली. पुढं जाईना, मागं येईना. शेवटी काकूंचं दार उघडायला लावून एक टोक त्यांच्या स्वयंपाकघरात सारलं, तर ते ओट्याला टेकून बसलं. वर मेहुणा, खाली मास्तर, आणि आत कोंडलेल्या काकू. धीरवाल्यांच्या तोंडून सवयीनं गेलंच, "घाबरू नका काकू. मी आहे."

"तुम्ही आहात म्हणूनच घाबरलेय!" काकू आतून ओरडल्या.

कसाबसा डोंगर घरात आला. मेहुण्यानं तो टांगायला घेतला तेव्हा कळलं, की भिंत संपते आणि डोंगर काही संपत नाही. समोरची भिंत झाली, कोपरा वळला, अर्धी खिडकी गेली आणि अख्खं कपाट गेलं. बायकोला कपड्यांसाठी पडद्याच्या कडेनं आत शिरावं लागू लागलं. "जरा दरीत जाऊन येते," असं म्हणून ती दिसेनाशी व्हायची आणि टॉवेल घेऊन परत यायची. पण सांगतो, पडदा पहिल्यांदा उलगडला तेव्हा हीच बायको, जी बोलणी खायला घालायच्या तयारीत कमरेवर हात ठेवून उभी होती, ती हळूच पलंगावर टेकली.

"अहो," ती म्हणाली, "केवढा हो हा!"

सगळ्यांचं तसंच झालं. मास्तर 'दुरून डोंगर' म्हणत आत आले आणि 'साजरे' तोंडातच राहिलं. सेक्रेटरी भिंतीला खिळे किती ठोकले ते बघायला आले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "मी जरा बसू का इथं?" काकू विणकाम घेऊन आल्या आणि एक टाकाही न घालता परत गेल्या. जाताना दारात म्हणाल्या, "माणूस नाही ना चित्रात, ते फार बरं झालं." धीरवाल्यांना इतका अभिमान वाटला, की जणू डोंगर त्यांनीच रचला होता.

पण व्हायचं ते झालंच. डोंगरासमोर बसल्यावर शब्दच फुटेना. फोन वाजायचा, धीरवाले हेडफोन लावायचे, नजर त्या पायऱ्यांवरून चढायला लागायची आणि बोलणं तिथंच राहायचं.

"हॅलो? अहो, आहात ना?"

"आहे," धीरवाले म्हणायचे. "पण आपण किती लहान आहोत, नाही?"

"मी अडकलोय हो!"

"सगळेच," धीरवाले उसासा टाकत म्हणायचे.

मग मोठ्या बाईंनी निकालच लावला. "उद्या दुपारी मी स्वतः लाइनवर असणार. बोलणार नाही, नुसतं ऐकणार. पहिला कॉल येईल ती तुमची शेवटची संधी समजा. जमलं तर ठीक, नाहीतर..." त्या थांबल्या. त्यांनाही बरं वाटत नसावं. "नाहीतर तो रेकॉर्ड सुरू करावा लागेल मला."

रात्री जेवताना मेहुणा म्हणाला, "दाजी, मी सकाळी येऊन पडदा उतरवतो. कोरी भिंत बरी."

धीरवाल्यांनी डोंगराकडे बघितलं. "मला दुसरं काही येत नाही गं," ते बायकोला म्हणाले. "लोकांशी बोलणं तेवढं येतं. तेही जाणार. पण हा उतरवू नका."

"बरं, नाही उतरवत," बायको म्हणाली, आणि तिनं भावाला डोळ्यांनी गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. बायको आणि मेहुणा पलंगावर श्वास रोखून बसले.

"नमस्कार. घाबरू नका. मी आहे."

"तुम्ही असून काय उपयोग?" एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला, चांगला खणखणीत. "माणूस पाठवा माणूस!"

"मेकॅनिक निघालाय आजी. एकट्याच आहात का?"

"एकटीच. आणि लाइट गेलेत. डोळ्यात बोट घातलं तरी दिसायचं नाही."

कंपनीनं शिकवलेलं सगळं धीरवाल्यांनी विचारून घेतलं. दार हातानं उघडू नका म्हणून सांगितलं. मन रमेल असं काहीतरी विचारायचं असतं, म्हणून विचारलं, "आजी, तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडतं?"

"बाहेर असणं."

पुढं काय बोलणार? आणि मग आजींचा तो खणखणीत आवाज एकाएकी अगदी बारीक झाला. "अहो, भिंती जवळ येताहेत हो माझ्या."

हा आवाज धीरवाल्यांच्या ओळखीचा होता. यानंतर माणूस बोलायचाच बंद होतो. मोठ्या बाई, रेकॉर्ड, नोकरी, सगळं त्यांच्या डोक्यातून निघून गेलं. त्यांना आत अंधारात बसलेली एक म्हातारी तेवढी दिसली, आणि समोर डोंगर.

"आजी," ते म्हणाले, "माझ्यासमोर एक डोंगर आहे."

"लिफ्टच्या कंपनीत डोंगर?"

"माझ्या घरात आहे. कपाटावर आहे. चढायचा का आपण?"

"पायऱ्या आहेत का? गुडघे गेलेत माझे."

"आहेत. रुंद आहेत चांगल्या. पहिल्या दोन-चार ओल्या आहेत, जपून."

"कठडा?"

धीरवाले उठून पडद्याला नाक लावून बघून आले. "कठडा नाही. पण डाव्या हाताला खडक आहे, त्याला धरून चला."

"धरला," आजी म्हणाल्या.

आणि दोघं निघाले. धीरवाले भिंतीच्या कडेकडेनं सरकत सांगत होते. आता झाडी आली आजी, गार वाटेल. आता वळण आहे, दरीकडे बघू नका. आजी विचारत होत्या, बसायला कुठं जागा आहे का, ते ऊन अजून किती लांब आहे. त्या कातळावर दोघांनी चांगली विश्रांती घेतली. "ऊन लागतंय हो," आजी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पुन्हा भरला. पायऱ्या वर गेल्या तसे धीरवाले खुर्चीवर चढले, मग टेबलावर चढले. बायकोनं टेबल धरलं, मेहुण्यानं हेडफोनची वायर सोडवून धरली.

तेवढ्यात फोनमध्ये खडखडाट झाला आणि मेकॅनिकचा आवाज आला, "या आजी, दार उघडलं. सुटलात."

"थांब रे जरा," आजी म्हणाल्या. "वर पोचतोय आम्ही."

"वर कुठं? तुम्ही तर चौथ्यावर आहात!"

"तू गप. हां, सांगा हो तुम्ही. पुढं?"

पुढं पंचाईत होती. पायऱ्या छताशी जाऊन एका गुंडाळीत शिरत होत्या. पडद्याचा वरचा भाग भिंतीला पुरून उरला होता, तो मेहुण्यानं गुंडाळून कपाटावर सारला होता आणि उलगडून बघायचं कुणालाच सुचलं नव्हतं. धीरवाले कपाटावर चढले. या वयात, त्या शरीरानं, पण चढले. गुडघ्यांवर बसून त्यांनी गुंडाळी सोडली आणि दोन्ही हातांनी वर धरली.

पक्षी होते. सगळं आभाळ पक्ष्यांनी भरलेलं. शिखरावरून उठलेले थवेच्या थवे, आणि एकेका पक्ष्याचं एकेक पीस रंगवलेलं, पंखाखाली उन्हाची बारीक रेघ ओढलेली. नाट्यगृहात हा भाग वरच्या झालरीमागं राहत असणार. तिकीट काढून आलेल्या एकाही माणसाला तो कधी दिसला नसणार. ज्यानं काढले त्याला हे ठाऊक होतं, आणि तरी त्यानं काढले होते. धीरवाल्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"पोचलो का?" आजींनी विचारलं. "काय आहे वर?"

धीरवाल्यांच्या तोंडून शब्द निघेना.

"अहो, गप्प काय बसलात?" तिसराच आवाज आला. तो मोठ्या बाईंचा होता. न बोलण्याचं ठरवलेलं त्यांच्याही लक्षात राहिलं नव्हतं. "काय आहे वर? सांगा ना!"

"पक्षी," धीरवाले कसेबसे म्हणाले. "पक्षीच पक्षी आहेत हो."

"अगं बाई," आजी म्हणाल्या.

"किती आहेत?" मेकॅनिकनं विचारलं.

धीरवाल्यांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. मग त्यांना नोकरी आठवली. "बाई," ते अपराधी आवाजात म्हणाले, "मेकॅनिक पोचला की कॉल बंद करायचा असा नियम आहे आपला. आणि तो रेकॉर्ड..."

"चुलीत घाला तो रेकॉर्ड," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुम्ही डावीकडून मोजायला लागा."